जुनं दुखणं

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाठ थोपट माझी. सरकारचा 'सर्वांना विमा' हा ठराव मतदानात पडला, आमच्या वस्तीत तर सपशेल आपटला. मतदानाआधी एकेक जिना चढून मीच सांगत होते, की धडधाकटांनी भरायचं आणि दुखणेकऱ्यांनी खायचं, हा कुठला न्याय? तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, माझ्या नवऱ्याचं रक्त आठवड्यातून दोनदा मशिनवर धुवावं लागतं, मी काय करू? मी म्हटलं, बाई, ठणठणीत होता तेव्हा घ्यायचा होता विमा. तहान लागल्यावर विहीर खणून कसं चालेल? सगळा जिना हसला.

आणखी एक शहाणपण केलं. जुना विमा बंद करून तुझ्याच कंपनीचा स्वस्तातला घेतला. वर टोस्टर फुकट. ह्यांची पाठ तशीच कुरकुरते. शाळेची बस चालवून दुसरं काय होणार!

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी चिमी

१० मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जिन्यावरचं भाषण वर्तमानपत्रात आलं. साहेबांनी कात्रण फळ्यावर लावलं आणि साऱ्या खात्याला चहा पाजला. मी घेतला नाही. माझं मत ठरावाच्या बाजूने होतं. दाव्यांना नकार कळवण्यात माझी हयात गेली, मला त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

टोस्टरसाठी जुना विमा मोडलास? अगं, नव्या विम्यात जुन्या दुखण्याला तीन वर्षं छदामही मिळत नाही. विकणारा हे सांगत नाही, आणि तू विचारणाऱ्यातली नाहीस. मेहुण्यांची पाठ दोन वर्षं दुखते आहे. डॉक्टरला दाखव. बसच्या सीटला नावं ठेवणं पुरे.

रागावले तरी माया आहे.
ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला ग. हे बस लावून उतरायला गेले आणि खालीच बसले. मणक्यात गाठ आहे. लवकर काढली तर चालतील, नाहीतर पाय कायमचे गेले, असं डॉक्टर म्हणतात. पण आधी पैसे भरा, मग टेबलावर घेऊ. एवढे कुठून आणू? सगळी भिस्त विम्यावर.

पाठ गेल्या महिन्यापासून दुखते, असं मी कागदावर लिहिलं आहे. कागद तुझ्याच खात्यात येईल. तू फक्त गप्प बस. सख्ख्या बहिणीसाठी एवढं कर. हे मांडीला चिमटे काढतात आणि मलाच विचारतात, घेतला का ग मी चिमटा?

पदर पसरते.
चिमी

६ मे

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

कागद आला. नात्यातला दावा आपण पाहायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचा, ही आमची पद्धत. दिला. शेजारचा भला माणूस आहे. पेन उघडून म्हणाला, तुमच्या घरचंच आहे तर तुम्हीच सांगा बाई, पाठ कधीपासून दुखते? मी सांगितलं, दोन वर्षं. त्याने पेन बंद केलं.

त्याने विचारलं नसतं तर गप्प बसले असते. विचारल्यावर खोटं बोलले असते, तर आजवर ज्यांना नाही म्हटलं त्यांना काय तोंड दाखवू? ठराव मंजूर झाला असता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. ऑक्टोबरात पुन्हा मतदान आहे. शिंपिणीची माफी माग आणि तिच्याबरोबर दारोदार हिंड.

मेहुण्यांना धीर दे. मला वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही.
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाय गेले. कळवायचं म्हणून कळवते.

तू म्हणालीस तशी दारोदार हिंडते आहे. ठरावाच्या विरोधात. ह्यांना चाकाच्या खुर्चीत घालून बरोबर नेते. मागच्या वेळी काही दारं तोंडावर लागली होती, आता एकही लागत नाही. लोक पाणी देतात, ऐकून घेतात. मी म्हणते, आमच्या घरी जे मिळालं नाही ते दुसऱ्याच्या घरी आयतं का जावं? ह्यांचे पाय परत येणार आहेत का? माना डोलतात. शिंपीण समोरून येते तेव्हा तीच भिंतीकडे सरकते.

हे खुर्चीत मुके असतात. परवा मात्र घरी आल्यावर म्हणाले, मी ठरावाच्या बाजूने मत देणार. मी म्हटलं, द्या की. मतदान शाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. ह्यांना उचलायला चार माणसं लागतील, आणि ती मलाच बोलवावी लागतील.

मी बोलावणार नाही.

तुझा लोभ होता तेवढा पुरला.
चिमी