उलटी घडी

प्रिय डावऱ्या,

आणि तुझ्या लेकाने आज पुन्हा घडी उलटी घातली. शेवटचं पान वर, पहिलं पान आत. मी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. डाव्या हाताने कागद ओढायचा, अंगठ्याच्या नखाने कड दाबायची, मग वरून एकदा तळवा फिरवायचा. बाकीची पोरं ओरडली, अहो संपादक, तुमचा अंक शेपटाकडून वाचायचा का? तो हसला, घडी सरळ केली. पुढची परत उलटी.

आपल्या शाळेच्या वर्तमानपत्राची खोली अजून जिन्याखालीच आहे. टेबल टेनिसचं तेच टेबल, एका पायाखाली वीट. व्हरांड्याकडची खिडकी अजून खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. अंक बाहेर छापून येतो, पण ज्याने लिहिलं त्यानेच घड्या घालायच्या, ही आपली रीत मी मोडू दिलेली नाही. आयुष्यभर मास्तरकी करून तुम्ही एवढंच टिकवलंत, असं आमची ही म्हणते. खोटं नाही ते.

आपण शाळेत असताना मानकरी मंडळाच्या समारंभात तुझ्या उलट्या घडीचा अंक पाहुण्यांच्या हाती पडला होता, आठवतंय? भाषणाआधी त्यांनी मोठ्या कौतुकाने वरचाच मजकूर वाचायला घेतला: एका पायाचा मोजा सापडला आहे, ओळख पटवून न्यावा. मंडळाची हुशार पोरं बिल्ल्यांसकट ताठ बसलेली, मुख्याध्यापकांचा चेहरा पडलेला, आणि तू माझ्या कानात म्हणालास, मोजा माझाच आहे रे.

पुढच्या वर्षी त्याच मंडळात तुझं नाव आलं. मंडळाची निवड वर्तमानपत्र छापणार, तेव्हा वर्तमानपत्रातला मुलगा मंडळात चालायचा नाही, हा नियम तेव्हाही होता. तुझ्या वडिलांनी बिल्ल्यासाठी तुला नवा शर्ट शिवला. तू खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीस आणि गेलास. गुरुवारी आम्ही घड्या घालत होतो, तर तू व्हरांड्यात उभा. आत ये म्हणायची सोय नव्हती. मग आपल्या जाड्याने खांदा लावून खिडकी उघडली आणि एक गठ्ठा चौकटीवर सरकवला. तू बिल्ला काढून खिशात टाकलास आणि उभ्या उभ्या घड्या घालू लागलास. वर्षभर हेच चाललं. खोलीत पाऊल टाकलं नाही, म्हणजे नियम मोडला नाही, असं तू आम्हालाच बजावायचास. त्या वर्षीचे निम्मे अंक शेवटच्या पानाने सुरू झाले.

आता तू हाडं जोडतोस. वहिनी सांगत होत्या, सकाळी पेशंटच्या रांगेतून वाट काढत आत जावं लागतं. बिल्ल्याने तुझं वाईट केलं असं मी कधीच म्हणणार नाही. परवा तू मुख्याध्यापकांना भेटायला आलास, जिना उतरलास आणि आमच्या दारावरून सरळ निघून गेलास. माझी हाक तोंडातच राहिली. तू घाईत असशील.

मंडळात या वर्षी तुझ्या लेकाची निवड झाली आहे, हे तुला माहीत आहे. उद्या प्रार्थनेला त्याचं नाव पुकारतील. त्याने बिल्ला घ्यायचा किंवा नको म्हणायचं. त्याला हे वर्तमानपत्र हवंय. घरात यावरून तुम्ही दोघं बोलत नाही, हे त्याने मला सांगितलं नाही, पोरांकडून कळलं. तू त्याला म्हणालास म्हणे, हात काळे करून कुणाचं भलं झालंय? तुझ्या सरांकडेच बघ. मला राग नाही आला. मी हातांकडे बघितलं, खरंच काळे होते.

आज मी त्याला विचारलं, अशी घडी तुला कुणी शिकवली? कुणी नाही सर, म्हणाला, बाबा रोज सकाळी पेपर वाचून झाला की अशीच घालतात, बघून बघून लागली सवय. मग विचारलंन, बाबा कधी होते का हो या खोलीत? मी म्हटलं, घरी विचार. तो म्हणाला, घरी कसं विचारू?

म्हणून लिहितोय. त्याने काय निवडावं हे मी सांगत नाही, तूही सांगू नकोस. बिल्ला घेऊ दे नाहीतर वर्तमानपत्र, पण आधी त्याला ती खिडकी माहीत असू दे. ती गोष्ट माझ्या तोंडून गेली तर ती सरांची गोष्ट होईल. आज जेवताना तूच सांग. मोज्यापासून सुरुवात कर, म्हणजे सोपं जाईल.

खिडकीच्या आतला, तुझाच
शाईखाऊ

ता. क. काल हे त्याच्याच हाती द्यायचं होतं, पण पाकीट बंद करेपर्यंत तो निघून गेला होता. आज सकाळी प्रार्थनेला त्याचं नाव पुकारलं. त्याने बिल्ला लावून घेतला. पहिल्या तासाआधी येऊन खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. पत्र तरीही पाठवतो. खिडकी मी उघडून ठेवली आहे.