पेटीबाहेरची हेस्टर

रॉचडेल, मंगळवार, २३ फेब्रुवारी १९०९

आज जादूच्या खेळात मिस्टर क्रोलच्या हातून पुन्हा चेंडू निसटला! एका लाल चेंडूचे बोटांत चार झालेले दिसायला हवेत — दिसले तीन. चौथा टप्पे खात बँडवाल्यांत. ढोलवाल्याने हसत वर फेकला, लोकांना वाटलं हाच खेळ! मी मागे हसरा चेहरा करून उभी. सात वर्षं हेच — हसायचं, पेटीत शिरायचं, गायब व्हायचं, मग थिएटरच्या मागच्या दारातून धापा टाकत येऊन "इथे आहे मी!" म्हणून ओरडायचं.

नंतर म्हणाले, "थंडीने बोटं आखडली." थंडी कसली! नाताळपासून हात थरथरतोय. चहा कपात कमी, बशीत जास्त.

मी म्हटलं, "चेंडूंचा खेळ मी करू का?"

"बाईमाणसाच्या हातात चेंडू? लोक हसतील गं."

हसू देत की! पैसे हसायलाच देतात.

बुधवार

आरशासमोर सराव. चारही चेंडू. पुन्हा चारही. करंगळी दुखतेय, दुखू दे.

शुक्रवार

ॲक्रिंग्टनच्या थिएटरचे मॅनेजर मिस्टर ओग्डेन इथे आले होते. जिन्यात गाठलं त्यांना आणि तिथेच चारही चेंडू करून दाखवले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पहिली दहा मिनिटं तुझी. खुर्च्या रिकाम्याच असतात तेव्हा, सांगून ठेवतो." चालेल!

पुढच्या आठवड्यात आम्ही तिथेच आहोत. म्हणजे मिस्टर क्रोलही. त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "जरूर कर. पण चेंडू माझे."

बघू. सगळ्या थिएटरांत रिवाज एकच — सोमवारी सकाळी ज्याचे बँडला द्यायचे सुरांचे कागद रंगमंचाच्या कडेला आधी पडतील, त्याचा हक्क आधी. एकच खेळ दोघांचा असेल तर मागून आलेल्याने आपला गाळायचा. त्यांचे कागद आजवर मीच ठेवत आलेय. ते स्वतः दहाच्या आत उठतात कुठे!

ॲक्रिंग्टन, सोमवार, १ मार्च

दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. कागद शालीखाली, भुरभुर पावसात. आत गेले तर — त्यांचे कागद आधीच तिथे! आणि ते स्वतः पहिल्या रांगेत, कोट घालून, ऐटीत. पहारेकऱ्याला काळ्या बिअरची बाटली देऊन मागच्या बाजूने आत आलेले.

"पोरी, ही युक्ती तुला शिकवली कुणी? मीच ना?"

संताप संताप झाला. मिस्टर ओग्डेननी मान हलवली. "रिवाज म्हणजे रिवाज. दुसरं काय येतं तुला?"

"दुसरं काही नाही. आणि चेंडू नाहीत तर या आठवड्यात पेटीतही मी नाही."

गावभर 'गायब होणारी तरुणी'ची पत्रकं चिकटवलेली! मिस्टर ओग्डेनचा चेहरा पडला. ते क्रोलकडे बघत राहिले. मी कुणाकडेच बघितलं नाही.

शेवटी मिस्टर क्रोल उठले. वर आले, वाकले आणि आपले कागद माझ्या कागदांच्या मागे सरकवायला लागले. हात इतका कापत होता की पानं पसरली. मी उचलायला वाकले नाही. वाकावंसं वाटलं — खोटं कशाला लिहू.

मंगळवार

काल जमलं! आजही! चारही चेंडू! गिरणीतल्या पोरी लाकडी बूट आपटत होत्या. वरून एक ओरडली, "माझ्या नवऱ्यालाही कर गं गायब!" मी म्हटलं, "आधी त्याचा पगार तर घेऊन ठेव!" अख्खी गॅलरी खदखदली. मिस्टर क्रोलसमोरही कधी एवढी हसली नव्हती.

बुधवार

पेटीत रोज शिरतेय, ठरल्याप्रमाणे.

गुरुवार

सकाळी एकदम म्हणाले, "शनिवारी पेटीत मी जातो. तू बाहेर उभी राहा."

मला वाटलं टोमणा मारतायत. पण नाही. "बारा वर्षांचा असल्यापासून पेटीतच वाढलोय मी. अजून मावतो." चणीने लहानच आहेत. दुपारी करून बघितलं. गुडघे कडाकडा वाजले, पण मावले!

"पण का?" रात्री जेवताना मी विचारलं.

"त्या खेळात हातांना काम नाही अशी तेवढी एकच जागा आहे, हेस्टर."

त्यांच्या ताटातलं मांस मी कापून दिलं. त्यांनी कापू दिलं.

शनिवार, ६ मार्च

रात्रीच्या पहिल्या खेळात पेटीचं झाकण मी लावलं. आतून म्हणाले, "सावकाश, मिस ब्रॅमली." मिस ब्रॅमली! सात वर्षांत पहिल्यांदा. पेटी उघडली — रिकामी. टाळ्या! मी मागच्या दाराकडे हात केला. बँडने तीच धून तीनदा वाजवली. दार उघडलं नाही. मग मीच पुढे होऊन लवून सलाम केला.

पहारेकरी सांगत होता, बॅग घेऊन स्टेशनकडे गेले, वळूनही बघितलं नाही. मला रडू आलं, पण दुसऱ्या खेळाची घंटा झाली होती. त्यांच्या वेळेतही मीच उभी राहिले.