मामंजींचं डाळिंब

३ ऑगस्ट १९४८, कळंब
मामंजींनी आज तिसऱ्यांदा आंघोळ केली, तिसऱ्यांदा लिंगपूजा. मघाशीच झाली म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारले! मला रुद्रम्मा म्हणाले. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

४ ऑगस्ट
फकरुद्दीन हकीम नाडी बघून गेले. रोज सकाळी एक डाळिंब, महिनाभर. दिमागाला ताकद येते म्हणे. झाड त्यांच्याच अंगणात, त्यांची बायको कुलसुमबी पाठवणार. मामंजी लिंगाला वाहिल्याबिगर काही खात न्हायत, म्हणून पूजेच्या ताटातच दाणे ठेवले.

१९ ऑगस्ट
गुण येतोय! मला माझ्या नावानं "महानंदा" म्हणाले. चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

२३ ऑगस्ट
देवा, हे काय होऊन बसलं! मामंजी दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं म्हणाले, "आमचा शिवलिंगप्पा बार्शीला कॅम्पात हाय. बंदूक शिकतोय." समोरून दोन रझाकार चाललेले. मी मुद्दाम ताट पाडलं. त्यांनी ऐकलं का न्हाय, कुणास ठाऊक.
हे निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीला जाताना मामंजींच्या पाया पडून सांगून गेले होते. शेजाऱ्यालाही पत्ता न्हाय. मामंजी विसरले म्हणून तर मी निर्धास्त होते.

२४ ऑगस्ट
ताटात डाळिंबाऐवजी गूळ ठेवला. मामंजींनी इकडंतिकडं बघितलं. डाळिंब कुठंय म्हणाले. झाडाला न्हाय आता, म्हटलं. खोटं बोलले, तेही पूजेत. कुलसुमबीनं पाठवलेलं गाईला घातलं.

१ सप्टेंबर
महानंदा गेली. पुन्हा रुद्रम्मा.

७ सप्टेंबर
पोलिसांचा अमीन आला. मामंजींनाच विचारलं, पोरगा कुठंय? मी दाराआड, तोंडात पदर कोंबून.
"मला पोरगं न्हाय," मामंजी म्हणाले.
अमीन गेला. वाचलो! पण मामंजी खोटं बोलत नव्हते. ते डोळे मी बघितले. हे माझ्या हातून झालं का वयानं, कुणाला विचारू?

१९ सप्टेंबर
निजामानं परवा हत्यारं टाकली. आता भ्यायचं काय, डाळिंब पुन्हा चालू करू म्हणून हकीमांकडं पळाले. दाराला कुलूप, बाजूच्या मुसलमान घरांनाही. झाड भरलेलं. कुठं गेले, गल्लीत कुणी बोलत न्हाय. मलाही विचारायचं भ्या वाटलं.

२२ सप्टेंबर
हे आले. मामंजींनी बघितलं, घोंगडी अंथरली.
"बसा पाव्हणं, गूळपाणी घ्या. डाळिंब दिलं असतं, पण आमची सून देत न्हाय."