बाजेवरची होडी

३ ऑगस्ट
आजपासून कॅनू स्लॅलम. उसळत्या पाण्यावर काठ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात, त्यांच्यामधून होडी काढायची. काठीला शिवलं की दंड. चौसाळ्यात हा खेळ कोणालाच माहीत नाही, म्हणजे स्पर्धाच नाही. सप्टेंबरअखेर निवड चाचणी. अब्बांचा शब्द आहे: निवड झाली तर हॉस्टेल, नाहीतर लग्नासाठी नांदूरघाटच्या पाहुण्यांना होकार. ठरवलं, साहित्य पूर्ण झाल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही.

९ ऑगस्ट
हेल्मेट आलं. कान झाकणारं. अम्मी म्हणाली, आधी पाठीला डबा बांध अन् शेजारच्या बबिताच्या विहिरीत उतर, सगळी पोरं तशीच शिकतात. अक्षरं मला घरी तिनंच शिकवली, म्हणून शांतपणे सांगितलं: अम्मी, हा ऑलिम्पिकचा खेळ आहे, तेलाच्या डब्याचा नाही.

१६ ऑगस्ट
लाइफ जॅकेट आलं. शेळ्या घेऊन निघालेली बबिता दारातून ओरडली, चल की, लई गार पाणी हाय. पण एक क्लिप सैल आहे. सैल क्लिपवर पाण्यात उतरणं बेजबाबदारपणा.

१७ ऑगस्ट
क्लिप बदलली. डोकं दुखतंय.

२८ ऑगस्ट
होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेला रबरी घागरा लागतो. अब्बा हायवेला पंक्चर काढतात. त्यांनी ट्रकच्या ट्यूबचा करून दिला. टाकीत दाबून बुडबुडे पाहिले. एकही नाही. म्हणाले, घागरा पास, आता घालणारीला बुडवून बघू. सगळे हसले. मी नाही.

५ सप्टेंबर
होडी चाचणीच्या जागीच मिळते. तोवर बाज. अंगणात बांबू टांगले. बाज हलत नाही, म्हणून थोरले फैजानभाई बांबू पुढून मागं नेतात. एकालाही स्पर्श नाही. दंड शून्य! भाई म्हणाले, अदिबा, सगळं केलंस, पाणी कावून न्हाई टाकलं? खेळातलं त्यांना काय कळतं.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
निवड चाचणी झाली. सोबतीला बबिता. इतर मुली चपलांवर आल्या होत्या. हेल्मेट, जॅकेट सगळं तिथंच मिळत होतं. निवड करणाऱ्या मॅडमनी माझी तयारी पाहून कौतुक केलं. मग विचारलं, पोहता येतं ना?
‘येतं’ ओठांवर आलं होतं. पण खोटं बोलायचं नाही, हे अम्मीनं शिकवलंय. पोहणंही तीच शिकवू पाहत होती.
मॅडम म्हणाल्या, मग पुढच्या वर्षी ये. बबिताला सहज विचारलं, तुला गं? ती म्हणाली, येतंय की, आमच्या शेळ्यासुदिक पोहत्यात. तिथली जॅकेटं संपली होती. माझं दिलं. क्लिप घट्ट आहे, एवढंच सांगितलं. तिनं जवळजवळ प्रत्येक काठीला धडक दिली. उलटली, वर आली, हसली. मॅडम म्हणाल्या, काठ्यांचं शिकवता येतं. तिची निवड झाली. जॅकेट अजून तिच्याकडेच आहे.

४ ऑक्टोबर
नांदूरघाटचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, पोरीला काय काय येतं? अम्मी म्हणाली, स्वयंपाक, शिवण, हिशेब. काही लपवलं असं नको, म्हणून मी मध्येच सांगितलं, पोहता येत नाही.
त्या म्हणाल्या, कशाला लागतंय, आमच्या घरात नळ हाय.

६ ऑक्टोबर
त्यांचा होकार आला. अब्बांनी घागऱ्याची ठिगळं कापली. पहिलं एका ट्रॅक्टरला लागलं. हवा धरतंय म्हणे.
अम्मीनं तेलाचा रिकामा डबा धुऊन माझ्यापुढं ठेवला. बबिताची विहीर भरलेली आहे. बबिता सोमवारी हॉस्टेलला जाणार.
डबा चांगला आहे. दोरी जरा जुनी वाटते. नवी आणली की उतरेन.