तिसऱ्या खोलीखालची जमीन

१२ जून, गुरुवार
दर्यापूरजवळच्या शाळेवर. तिन्ही लाकडी वर्गखोल्या उभ्या झाल्या. माझं पहिलं स्वतंत्र डिझाइन. रफिकमिस्त्रींनी अकोटच्या शेडमध्ये लागवडीच्या सागाच्या भिंती जोडल्या, ट्रकनं आणल्या, आठवड्यात खोल्या तयार. मुख्याध्यापिका इंगोलेबाई खूश. जुन्या वर्गाचा स्लॅब मागच्या पावसात पडला. रविवार होता म्हणून पोरं वाचली.
तिसऱ्या खोलीचं दार घासतंय. मिस्त्री म्हणाले, "परवा तं बराबर लागत होतं, मॅडम." म्हटलं, रंधा मारू नका. का म्हटलं, माहीत नाही.

१४ जून, शनिवार
पुन्हा गेले. लेव्हल लावली. मागचा कोपरा दोन बोटं खाली. अजून पाऊससुद्धा नाही. काळी माती फुगते, आकसते, ते धरूनच पाया केला होता. हे तसं नाही.
खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई स्वयंपाकाची खोली झाडायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तिथं तं विहीर होती. माह्या लग्नाच्या आंधी बुजवली."
आधी का नाही सांगितलं?
"मले कोनं इचारलंच नाही."
खरं आहे. माती तपासली ती कडुनिंबापाशी. झाड वाचावं म्हणून खोल्या नंतर मीच सरकवल्या. ऑफिसात बसून, कागदावर. खाली माझी सही.


१६ जून, सोमवार
अमरावती. ऑफिसच्या मालकांना, सरांना, सांगितलं. "उद्घाटन होऊ दे, मग बघू. कुठं बोलू नकोस."
डबा तसाच परत आणला. डोळ्यांपुढे एकच. वर्ग भरलाय, मागच्या कोपऱ्यात शेवटची रांग, आणि
नाही लिहवत.
इंगोलेबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "पोरं कुठी बसवू मी, सांगा मले."

१८ जून, बुधवार
मिस्त्रींना विचारलं, तिसरी खोली खोलता येईल का.
"बोल्टवर तं उभी आहे. तुमीच तशी काढली. पन साहेबाचा हुकूम?"
"माझा आहे."
"मंग परवा येतो, मानसं घेऊन."

२० जून, शुक्रवार. शाळेवरच लिहितेय
सकाळपासून खोलणं चालू. सरांचे फोनवर फोन. उचलले नाहीत. नोकरी बहुतेक गेली. त्याचं आज काही वाटत नाही.
अकराला जमिनीच्या फळ्या निघाल्या. खाली भगदाड, बादलीच्या तोंडाएवढं. सळई सोडली. अख्खी गेली, तळ लागला नाही. मिस्त्रींनी मला दंडाला धरून मागं ओढलं.
विहीर केवढी होती? शेवंताबाई म्हणतात, मोटेची, मोठी. कड कुठपर्यंत, ते सांगता येत नाही. हात पसरून दाखवतात, दर वेळी वेगळं. दुसरी खोली इथून चार पावलांवर. तिची लेव्हल बरोबर आहे. सकाळपासून तीनदा पाहिली.
सोमवारी शाळा सुरू. दर्यापूरकडं आभाळ भरलंय.
इंगोलेबाई विचारून गेल्या, "दुसऱ्या खोलीत तं बसवू ना पोरं?"
म्हटलं, थांबा.
मिस्त्री तिथल्या फळ्यांचे स्क्रू काढून राहिले. मी अजून आत गेले नाही.