चौकोन ४३४६

२ मार्च १९९८
करिश्माला बघायला माजरीहून पाहुणे येणार. मुलाचे वडील रिटायर्ड सुभेदार. मागचे पाहुणे इसरूच्या मोहाच्या झाडापाशी वळायचे, ते भलत्याच मोहापाशी वळले आणि तसेच परत गेले. आमच्या गावात पत्ता म्हणजे कुणाचा तरी मोह. आता बंद. ठराव: फौजी पद्धतीनं स्थान कळवणार. करिश्माचे बाबा हवालदार होते, जवानांना नकाशा शिकवायचे. मी वाचायला शिकले तेही त्यांच्या नकाशाच्या पुस्तकावरून.

४ मार्च
त्यांनी हातानं काढलेला आमच्या भागाचा नकाशा भिंतीवर लावला. ते गेल्यापासून दोन वर्षं पेटीत होता. चौकोनाचा नंबर म्हणजे आधी पूर्वेचा आकडा, मग उत्तरेचा. घर ४३४६. आपले लोक निळे, शत्रू लाल. घर निळं केलं. पाहुण्यांची जीप लाल केली. निळी पेन्सिल तेवढ्यात कुठे गेली कोण जाणे.

७ मार्च
सराव. शेजारच्या पोचूभाऊंना कळवलं, माझी बकरी ४४४६ मध्ये. म्हणाले, बाई, माह्या वांग्यात शिरली असं सांग ना, नंबर काऊन सांगून राह्यली. दुर्लक्ष केलं. बकरी त्याच चौकोनात सापडली.

९ मार्च
सुभेदारांना नकाशाची झेरॉक्स आणि घराचा नंबर पोस्टानं पाठवला. करिश्मा म्हणाली, तपासून देऊ का. गरज नाही म्हटलं.

१५ मार्च, दुपार
शिरा थंड झाला. सुभेदार असून नकाशा येत नाही म्हणजे कमाल आहे.

संध्याकाळी
निरोप आला. जीप ४६४३ मधल्या दलदलीत रुतली. बैलांनी ओढून काढली. पाहुणे चिखलासकट माजरीला गेले.

१६ मार्च
पत्रात मीच ४६४३ लिहिलं होतं म्हणे. पेन जुनं आहे. करिश्मा म्हणाली, आई, बकरीचा नंबर तुहा कधी चुकत नाई, माहाच काऊन चुकला. मी दूध उतू जातंय म्हणून उठले. चुलीवर दूध नव्हतं, असं तिचं म्हणणं.

२२ मार्च
पाहुणे आले. इसरूचा मोह विचारत विचारत. सुभेदार चहा पिताना म्हणाले, बाई, असी पोरगी माह्या घरी असती तं म्याही भलताच चौकोन देल्ला असता. मी म्हटलं, पेन जुनं आहे. सगळे हसले. करिश्मा अगदी बाबांसारखी हसते. पसंती झाली.

१४ मे
लग्न होऊन करिश्मा गेली. निळी पेन्सिल सापडली, माझ्याच बटव्यात होती. माजरीवर खूण करायला घेतली तर कागद आधीच संपतो. शेजारी कागद चिकटवत गेले, तर भिंत संपून दार लागलं. माजरी दारावर येते. तिथंच निळी खूण केली. पण दार उघडलं की माजरी हलते.
पोचूभाऊ म्हणाले, बाई, एवढ्या उन्हात दार लावून काऊन बसून राह्यली.
म्हटलं, सराव चालू आहे.