दार उघडू नये

३ मार्च
रुजू झालो! जुन्या युद्धनौकेचं तरंगतं हॉटेल करायचं आणि त्याचा व्यवस्थापक मी. राहायला कप्तानाची केबिन: पितळी नळ, गोल खिडकी, घडीचं मेज. बायकोला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, आधी घरातला पंखा दुरुस्त करून दाखवा. उद्घाटनाला लेकीला घेऊन येणार आहे. मग बघेल.

५ मार्च
नौकेचे जुने कागद वाचले. युद्धात मालवाहू जहाजांची राखण करणारी ही विनाशिका. शत्रूचा पाणतीर (टॉर्पेडो) लागला, बॉयलरच्या खोलीत पाणी शिरलं. जहाज वाचवायला कप्तानानं खोलीचं पोलादी दार बाहेरून लावून घेतलं. आत अकरा जण. तासभर दार ठोकत होते म्हणे. युद्धानंतर तिच्यावर नौदलाची नवी पोरं शिकली, मग ती गंजत पडली, मग आमच्या मालकांनी भंगाराच्या भावात उचलली. आता दारूगोळ्याच्या कोठारात बार होणार. जुनी रड संपली.

८ मार्च
इथला म्हातारा फिटर म्हणजे अर्क आहे. बॉयलरच्या खोलीबाहेर खिळ्यांची फळी आहे. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. बिल्ला लटकत असेल तोवर दार लावायचं नाही. फळीवर अकरा जुने बिल्ले तसेच, म्हणून हा शहाणा दार कधी लावतच नाही! मी ते काढून भंगारात टाकले. फिटर म्हणाला, साहेब, ती माणसं अजून बाहेर आलेली नाहीत. मी म्हटलं, मग त्यांची रजा मांडा. विनोद कळायलाही डोकं लागतं.
लेखी हुकूम दिला: सकाळी दहाला फळी रिकामी दिसली की दार बंद, ते रात्री सगळे जाईपर्यंत. त्यानं मलाही बिल्ला दिला. मेजावर कागद दाबायला ठेवलाय.

१२ मार्च
बंद दारामागून ठकठक येते. पोलाद उन्हानं तापलं की वाजतं, पण सुतार-रंगारी पांढरेफटक. देवानं अक्कल वाटली तेव्हा ही मंडळी चहाला गेली होती. मी मात्र संधी साधली. दारावर पाटी लावली: ‘आतून ठकठक व हाका ऐकू येतील. हा प्रदर्शनाचा भाग आहे. दार उघडू नये.’ मालक खूश.

१५ मार्च
आज ढगाळ. ऊन नाही. ठकठक आहे.
मोजली. अकरा ठोके. थांबते. पुन्हा अकरा.

१७ मार्च
आता केबिनखालीही. खुर्चीच्या पायांतून जाणवते. भीती वाटतेय, लिहायचीसुद्धा लाज वाटते. बिल्ले फळीवर परत अडकवावेत का? त्या फिटरसमोर? छे.

१८ मार्च, उद्घाटन
पावणेदहा. बॉयलरच्या खोलीतला दिवा गेलाय. वायरमन आत जायला तयार नाही. भित्रट लेकाचा. रोजनिशी खिशात टाकून मीच आलोय. पाच मिनिटांचं काम.

दार लागलं.
फिटरनं फळी पाहिली असणार. रिकामी. माझा बिल्ला मेजावर —

फोन लागत नाही. विजेरीच्या उजेडात लिहितोय. ठोकलं, ओरडलो. बाहेर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पायाखाली पाणी. घोट्यापर्यंत. कुठून —

शेजारी कुणीतरी ठोकतंय. मी थांबलो तरी —

दाराला कान लावला. लेक आलीय. म्हणतेय, आवाज अगदी बाबांसारखा. बायको हसतेय. म्हणे, त्यांनीच रेकॉर्ड करून ठेवला असेल, हौस दांडगी.

पाणी कमरेला. ठोके मोजले. बारा.

लेक विचारतेय, उघडून बघू का? कडी हलली — हलली! उघड, बाळा — बायको तिला पाटी वाचून दा